चौदा माणसांचा विमानतळ

१

त्या विमानतळावर एकही विमान खरं नव्हतं. लाकडाच्या पट्ट्या, वर ताणलेली ताडपत्री, तिच्यावर हिरवा-तपकिरी रंग आणि पुढे पंख्याच्या जागी काळ्या पुठ्ठ्याची पाती. धावपट्टी म्हणजे डांबर फासलेलं गवत. खरा विमानतळ नऊ मैलांवर होता. लढाईत शत्रूने बॉम्ब तिकडे न टाकता इकडे टाकावेत, म्हणून हा खोटा मांडून ठेवला होता. मांडलेला संसारच म्हणा. आणि संसार म्हटला की रोजची आवराआवर आली.

ती आवराआवर शिंपिणीकडे होती. सकाळी सहाला उठायचं, दाभण आणि सुतळी घेऊन रात्रीच्या वाऱ्याने उसवलेली विमानं शिवायची, मग माणसं हलवायची. माणसं बारा, सगळी पेंढ्याची, सगळ्यांना खाकी कपडे. काल जो पंपाशी वाकला होता तो आज शिडीपाशी उभा करायचा, शिडीपाशी होता त्याच्या हातात बादली द्यायची. कारण लढाईत रोज अकरा वाजता शत्रूचं एक विमान उंचावरून फोटो काढून जायचं. माणसं दोन दिवस जागच्या जागी दिसली असती तर सगळं सोंग उघडं पडलं असतं.

बारा पेंढ्याची, तेरावा मुकादम, चौदावी ती. अकराला मैदानावर चौदा माणसं दिसली पाहिजेत, असा हुकूमच होता. मुकादमाने तो इतक्यांदा वाचून दाखवला होता की तिला अक्षर येत नसूनही पाठ झाला होता. दोन जिवंत माणसांनी इकडून तिकडे फिरत राहायचं. दोन हलली की बाराही हलल्यासारखी वाटतात. आणि वर बघायचं नाही. बारा जण माना खाली घालून उभे असताना दोघंच वर बघायला लागले, तर कोण पेंढ्याचं आणि कोण हाडामांसाचं हे आंधळ्यालाही कळेल.

तिची मुलगी मोजणीत नव्हती. आठ वर्षांची पोर, घटकाभर एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. अकरा वाजले की तिने सिमेंटच्या खोलीत जायचं आणि हाक मारेपर्यंत बाहेर यायचं नाही.

लढाई संपून दोन वर्षं झाली होती. शिंपिणीचा नवरा त्या लढाईत गेला तो गेलाच. पण मुकादमाचं एकच पालुपद असायचं, “हुकूम आला तेव्हा आलो. हुकूम येईल तेव्हा जाऊ.”

२

काहीतरी वावगं आहे हे आधी तिच्या हातांना कळलं.

अकराच्या फेऱ्या मारता मारता मधेच विमानाच्या पंखावर बसून ती एक सांधा शिवत होती. ऊन चांगलं तापलेलं. एकाएकी हाताला गार लागलं, दाभणाची लकाकी विझली आणि लगेच परत आली. काहीतरी काळं ताडपत्रीवरून खाली उतरलं, गवतावरून, एकेका पेंढ्याच्या माणसावरून सरकत धावपट्टीच्या टोकाला गेलं आणि नाहीसं झालं.

ढग असेल. पण लांब टेकड्यांपर्यंत कुठे कापसाएवढाही ढग नव्हता. मग घार. पण ही सावली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस पावलं तरी होती. तिला शेपूट होतं आणि तिचे पंख हलत नव्हते. आवाज म्हणाल तर काहीच नाही. लढाईत फोटोचं विमान यायचं तेव्हा खिडकीच्या काचा थरथरायच्या. आज गवतातले नाकतोडेसुद्धा गप्प झाले नव्हते.

दुपारच्या चहाला तिने विषय काढला. “मामा, आज अकराला तुम्हाला काही दिसलं का?”

“काय दिसायचंय?”

“सावली.”

“उन्हात सावली दिसतेच बाई. त्यात नवल काय?”

“विमानाची सावली.”

मुकादमाने कप खाली ठेवला. “वर बघितलंस?”

“नाही.”

“मग झालं तर.”

“झालं तर काय? लढाई संपली ना? मग हे येतंय कोण?”

“रोज येतं,” तो म्हणाला. “तू मान खाली घालून दाभणाशी खेळतेस, म्हणून तुला इतके दिवस कळलं नाही. लढाई संपली त्या दिवशी आलं. दुसऱ्या दिवशीही आलं. फरक एवढाच की तेव्हापासून आवाज येत नाही. मोजतं आणि जातं. चौदा भरतात तोवर आपल्याला त्याचं काय?”

एकटं राहून राहून म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं तिने मनाशी ठरवलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला स्वतःलाच विचारावं लागलं, की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असेल, माझ्या हाताला गार लागलं ते कशाने?

३

दर पंधरा दिवसांनी शहरातल्या सरकारी गोदामातून, यादीत नाव राहून गेलं होतं म्हणून, लॉरी यायची. पीठ, बटाटे, रॉकेल, कधी सुतळीचे गुंडे. या खेपेला लॉरीवाल्याने तिच्या थोरल्या बहिणीचं पत्र आणलं आणि लॉरीला टेकून वाचूनही दाखवलं.

“‘शाळा पुढच्या महिन्यात उघडते. पोरीला घेऊन निघून ये. आठ वर्षांची घोडी झाली, अजून तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. तुझ्यासारखंच दुसऱ्याच्या तोंडून पत्र ऐकायला लावायचंय का तिला?’” तो थांबला. “वहिनी, असं लिहिलंय हं. मी माझ्या पदरचं घातलेलं नाही.”

“वाचा पुढे.”

“पुढे नुसतं ‘वाट बघते’. चला की! पुढच्या खेपेला दोघींना शहरात सोडतो. का तुमच्या या बारा दिरांची परवानगी लागते?”

एरवी ती हसली असती. आज ते ‘दुसऱ्याच्या तोंडून’ तिला दाभणासारखं आत गेलं.

लॉरी गेल्यावर तिने मुकादमाला धरलं. “माझं काय ते मी भोगीन. पण पोरीला मी इथे जन्मभर पेंढा भरायला ठेवणार नाही.”

“बदली माणूस आल्याशिवाय तुला सोडता येत नाही.”

“मग मागा ना बदली माणूस! इथे बसून हुकूम हुकूम करता, दोन वर्षांत एकदा तरी नऊ मैल चालून विचारलंत?”

हे त्याला लागलं. त्याने खाटेखालून बूट ओढून काढले. मग म्हणाला, “उद्या पहाटे निघतो. संध्याकाळी परत येतो. अकराला तू एकटी असशील, म्हणजे तेरा दिसतील. दिसू देत. तू आपली फिरत राहा आणि दुसरं काहीही करू नकोस. ऐकलंस? एका दिवसाचं मी बघून घेतो.”

४

ऐकलं होतं तिने. पण हात शिंपिणीचा. कुठे भोक दिसलं की ठिगळ शोधणारा. पाच वर्षांत तिने काम कधी उणं सोडलं नव्हतं.

साडेदहाला ती मैदानाच्या मधोमध उभी राहिली आणि तिने मोजलं. बारा, आणि मी. पंपाजवळ, जिथे मुकादम असायचा, तिथली मोकळी जागा तिच्या डोळ्यांत खुपायला लागली. सावलीवर तिचा विश्वास नव्हता, असं ती स्वतःला सांगत होती. पण विश्वास नसला तरी तेरा म्हणजे तेराच.

तिने भिंगरीला हाक मारली. मुकादमाचा जुना कोट तिच्या अंगात घातला, बाह्या दुमडल्या, टोपी डोळ्यांवर ओढली.

“पंपापाशी फिरायचं. वर बघायचं नाही.”

“मी मुकादम आजोबा होऊ?”

“हो, हो.”

पोरीने हात पाठीमागे बांधले, पोट पुढे काढलं, मुकादमासारखी खाकरली आणि एका पेंढ्याच्या माणसाला म्हणाली, “काय रे, काल तू बादली घेऊन उभा होतास, आजही बादलीच? लाज वाटते का?”

शिंपिणीला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. त्या हसण्यातच अकरा वाजले.

सावली आली. नेहमीसारखी मैदानावरून गेली, धावपट्टीच्या टोकाला पोचली. पण नाहीशी झाली नाही. ती वळली. परत आली ती थेट पंपापाशी. कोटातल्या त्या लहानग्या माणसाभोवती तिने एक सावकाश फेरी घेतली, नवी वस्तू विकत घ्यायच्या आधी माणूस तिच्याभोवती फिरतो तशी. मग निघून गेली.

“आई,” भिंगरी खाली बघतच म्हणाली, “गार वाटलं.”

५

मुकादम दिवेलागणीच्या आधी आला. पायातले बूट न काढताच खुर्चीवर बसला.

“खऱ्या विमानतळावर काही नाही,” तो म्हणाला. “मांडीएवढं गवत. विमानं ठेवायच्या शेडचे पत्रे कुणी काढून नेलेत. कचेरीत खुर्चीसुद्धा नाही. भिंतीवर कॅलेंडर आहे, दोन वर्षांपूर्वीचं. तो बंद झालाय बाई. आपल्याला कळवायचं तेवढं राहून गेलं.”

“म्हणजे आपण मोकळे!”

“कुणी मोकळं केलं? मोकळं करणाराच उरला नाही.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “अकराच्या जरा आधी ते मला शोधत तिकडे आलं होतं. डोक्यावर थांबलं. मी म्हटलं, आता संध्याकाळपर्यंत हा सोबती. तेवढ्यात झटक्याने इकडे फिरलं. मी वाटभर विचार करतोय की त्याला इथे एवढं काय नवीन दिसलं...”

बोलता बोलता त्याची नजर खुंटीवरच्या कोटाकडे गेली. बाह्या अजून दुमडलेल्या होत्या.

“पोरीला मोजणीत घातलीस?” त्याने अगदी हळू विचारलं.

तो ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

६

दुसऱ्या दिवशी तिने भिंगरीला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी घातली. मैदानावर चौदा होते. बारा, मुकादम आणि ती. हुकुमाप्रमाणे बरोबर चौदा.

सावली आली, एक फेरी मारली आणि सिमेंटच्या खोलीवर येऊन थांबली.

विमान थांबत नाही, हे शिंपिणीला ठाऊक होतं. पाच वर्षं विमानांच्या अवतीभवती राहिलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. थांबलं की ते पडतं. हे पडलं नाही. सावलीच्या कडा आधी धूसर होत्या, दोन-तीनदा धुतलेल्या कापडासारख्या. बघता बघता त्या कात्रीने कापल्यागत रेखीव झाल्या. याचा अर्थ तिला कुणी समजावायची गरज नव्हती. कापड जमिनीच्या जवळ आणलं की सावली अशीच रेखीव होते.

“आई, अंधार झाला!” आतून भिंगरीची हाक आली. “खिडकीत काहीच दिसत नाही!”

छपराची स्लॅब कुरकुरली. तिने धावत जाऊन कडी काढली, पोरीला बाहेर उन्हात ओढलं. सावली सैल झाली, कडा पुन्हा मऊ झाल्या आणि ती पोरीच्या डोक्यावर सावकाश फिरायला लागली.

त्या दिवसापासून ती गेलीच नाही. अकराची वेळ राहिली नाही. ऊन असेतोवर ती मैदानावर असायची.

“रात्री तरी नसते,” शिंपीण एकदा म्हणाली.

“रात्री दिसत नाही,” मुकादम म्हणाला. “नसते असं कोण म्हणालं? दिवसा निदान कुठे आहे ते कळतं.”

तिला येत होतं ते एकच. तिने भिंगरीच्या मापाची एक बाहुली शिवली. पेंढा इतका ठासून भरला की कोपरालाही गोलाई आली. भिंगरीचा निळा झगा तिला घातला, भिंगरीच्याच कापलेल्या केसांची वेणी लावली. आयुष्यात तिने इतकं चांगलं काम केलं नव्हतं. पहाटे ती बाहुली पंपापाशी उभी केली आणि पोरीला खाटेखाली लपवलं.

सावली बाहुलीवर आली. थोडा वेळ थांबली. मग पुढे सरकली. शिंपिणीच्या जिवात जीव आला.

ती पंपाकडे गेली तेव्हा बाहुली उभी नव्हती. गवतावर पडलीही नव्हती म्हणा. निळा झगा, वेणी, आतला पेंढा, सगळं गवतावर कागदासारखं चपटं झालं होतं. इस्त्री केल्यासारखं. एकही टाका तुटला नव्हता.

आणि सावली खोलीच्या छपरावर जाऊन बसली होती.

७

“शहराकडच्या खिंडीपलीकडे ते जात नाही,” मुकादम म्हणाला. “लढाईतही तिथूनच वळायचं. फाटकापासून खिंड अर्धा मैल. लॉरीला चढाला दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटं त्याला इथे गुंतवून ठेवलं की झालं.”

“गुंतवायचं कसं?”

“उभ्याला ते मोजतं. धावणाऱ्याकडे बघत राहतं. मी धावतो. टोप्या बदलतो, ओरडतो, चौदा माणसांचा गोंधळ एकटा घालतो. तू पोरीला घेऊन जा. दोघी जा.”

“तुमच्या पायात वात आहे मामा.”

“पायात आहे. डोक्यात नाही ना गेला अजून?” तो पहिल्यांदाच हसला. “माझ्या मागे कोण आहे? ही बारा. ती रडणार नाहीत.”

लॉरी आली. सामान उतरलं. शिंपिणीने गाठोडं मागे टाकलं, पोरीला कुशीत घेऊन ताडपत्रीखाली बसली. लॉरीवाल्याला एवढंच सांगितलं, “काही झालं तरी खिंडीपर्यंत थांबू नका.”

“मी कशाला थांबतो? तुमच्या दिरांना तोंड कोण देणार?”

लॉरी हलली तसा मैदानावर मुकादम सुटला. ताडपत्रीच्या फटीतून तिला दिसत होतं. या विमानापासून त्या विमानापर्यंत, हात हवेत, ओरडत, टोपी फेकत, दुसरी घालत. सत्तरीचा माणूस, पण एका वेळी चार ठिकाणी असल्यासारखा वाटत होता. लॉरीच्या वर रेंगाळणारी सावली घुटमळली आणि त्याच्याकडे सरकली.

फाटक मागे पडलं. चढ लागला.

मग मुकादम थांबला. पडला नाही. पंपापाशी, एक हात छातीवर, मान खाली, तसाच उभा राहिला. सावली त्याच्यावर आली आणि न थांबता पुढे गेली, पेंढ्याच्या माणसांवरून जाते तशी. तिने त्याला मोजलं होतं. त्याचं काम संपलं होतं.

“ढग आलाय वाटतं,” पुढून लॉरीवाला म्हणाला.

ताडपत्री गार झाली. मग ती खाली यायला लागली. वारा नव्हता, वर कुणी बसलं नव्हतं, तरी ती इंच इंच डोक्याला टेकत होती. रॉकेलचा रिकामा डबा कडकन चेपला. भिंगरीने आईच्या पोटात डोकं घातलं.

शिंपिणीने विचार केला असं म्हणता येणार नाही. पोरीची मिठी सोडवायला जेवढा वेळ लागला तेवढाच.

“मावशीला सांग, आई कामावर आहे.”

तिने लॉरीतून उडी मारली. गुडघे फुटले. उठली आणि रस्त्यावरून खाली धावत सुटली, दोन्ही हात उंच करून, तोंडाला येईल ते ओरडत. नवऱ्याला, बहिणीला, मुकादमाला, बारा दिरांना एकेकाला हाका मारत. पाठीवर गार लागलं. ते लॉरी सोडून आलं होतं. ती थांबली नाही. फाटकातून आत गेली, विमानांमधून, शिड्यांमधून, एका पेंढ्याच्या माणसाची टोपी काढून दुसऱ्याला घालत, बादल्या उलथत. सावलीच्या कडा तिच्या पायांभोवती रेखीव झाल्या. पावलं पडतील तिथे गवत आधीच दबलेलं असायचं.

धावता धावता तिने मान फक्त खिंडीकडे वळवली. वर नाही. लॉरी चढाच्या माथ्यावर होती. मागची ताडपत्री बाजूला झाली होती आणि भिंगरी फळीला धरून उभी होती, लांबून बोटभर उंचीची. तिथून तिला सगळं दिसत असणार. खालचं मैदान, आई, आणि आईच्या डोक्यावर जे काही होतं ते.

पोरीने हात हलवला.

शिंपिणीने आयुष्यभर कापडाची मापं घेतली होती. कुठली रेघ कुठे जाते हे तिला डोळा मिटूनही कळायचं. तो हात तिच्याकडे बघून हललेला नव्हता. तो तिच्या वर कुणाकडे तरी बघून हलला होता. भीतीने नव्हे. ओळखीच्या माणसाला निरोप देताना हलतो तसा.

आणि शिंपिणीच्या पायाशी गवतावर पडलेल्या सावलीचा उजवा पंख, त्या हाताला उत्तर दिल्यासारखा, हळूच खाली झुकला आणि परत वर आला.

लॉरी खिंडीत दिसेनाशी झाली.

ती चालत राहिली. एका विमानापासून दुसऱ्यापर्यंत, पंपावरून, मुकादमाला वळसा घालून, परत पहिल्या विमानाकडे. पाच वर्षांत तिला एकदाही वर बघावंसं वाटलं नव्हतं. आता प्रत्येक पावलाला तिला आपली मान हातांनी खाली धरून ठेवावी लागत होती.